मोराची सुरी स्वस्त का राहिली

डोंगरात किंवा रानात मुक्कामाला न्यायला घडी न होणारी सुरी हवी आणि खिसा बेताचा असला, की जाणकार बहुधा स्वीडनमधल्या मोराचं नाव घेतात. लगेच पुस्तीही जोडतात, सुरुवातीला ठीक आहे, पुढे चांगली घ्या. ही पुस्ती मला अन्यायाची वाटते. मोराच्या सुरीची किंमत कमी राहिली याचं कारण तिच्या मुलखाच्या इतिहासात आहे. त्याच इतिहासाने तिला चांगली सुरीही बनवलं.

मोरा हे दालार्ना प्रांतात सिल्यान सरोवराच्या काठी वसलेलं गाव. या भागात मुलामुलींत जमिनीच्या वाटण्या होत गेल्या, शेतांचे तुकडे पडले आणि नुसत्या शेतीवर पोट भरेनासं झालं. हिवाळा लांबलचक, त्यामुळे घरोघरी जोडधंदे आले. शेजारच्या ओर्सात वालुकाश्माचे धार लावायचे दगड घडत, वोमहूसमध्ये टोपल्या विणल्या जात, आणि मोराजवळच्या ओस्टनोरची माणसं धातुकामात मुरलेली. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून इथली उभी घड्याळं स्वीडनभर जाऊ लागली. एका घरी एक भाग, दुसऱ्या घरी दुसरा, अशी कामाची वाटणी असे. कारखाने यायच्या आधीच, कमी खर्चात नेमकं काम करणारे हात या गावात तयार होते. 1891 मध्ये फ्रॉस्ट एरिक एर्सन अमेरिकेहून परतला आणि त्याने ओस्टनोरला लाकडाचे ओंडके वाहायच्या घसरगाड्यांचा कारखाना काढला. सुऱ्या तिथे जोडीला होत होत्या. पुढे त्याच मुख्य धंदा झाल्या. 1912 मध्ये क्रोंग-योहान एरिक्सनने त्याच गावात दुसरा कारखाना उभा केला. दोन्ही कारखाने 2005 मध्ये एक होईपर्यंत एकाच गावात शेजारी नांदले.

त्यांचं गिऱ्हाईक होतं लाकूडतोडे, शेतकरी, सुतार. त्यांना भिंतीवर टांगायची सुरी नको होती. झिजली की दुसरी घेता येईल अशी हवी होती. ती मागणी पात्यात स्पष्ट दिसते. लांबी साधारण दहा सेंटिमीटर, जाडी दोन-अडीच मिलिमीटर, आणि दोन्ही बाजूंना धारेपर्यंत सरळ उतरलेला एकेक रुंद उतार. हा उतार दगडावर सपाट टेकवला की कोन आपोआप जमतो. धार लावायला कारागिराकडे जावं लागत नाही. काही पात्यांत तर मधे कडक कार्बन पोलाद आणि दोन्ही अंगांना मऊ पोलादाचा थर असतो. मधला गाभा धार धरतो, बाहेरचे थर पात्याला मोडू देत नाहीत. बर्चच्या लाकडाची लाल रंगवलेली जुनी मूठ पाहा: गोलसर, बिनकोपऱ्याची, हातमोजा घातला तरी नीट पकडता येणारी. शोभेसाठी एक घाव वाया घालवलेला नाही.

यावर सगळ्यात मोठा आक्षेप ताकदीचा. पात्याचं शेपूट मुठीच्या शेवटापर्यंत पूर्ण रुंदीने जात नाही, म्हणून पाठीवर दांडक्याने ठोकून लाकूड फोडताना ते मोडेल, असं म्हणतात. जाड ओंडक्याच्या बाबतीत ही भीती खरी आहे. पण दालार्नात लाकूड फोडायला कुऱ्हाड होती, जसा कोकणात कोयता असतो. सुरी होती सालपट काढायला, खुंटी तासायला, दोर कापायला, मासा साफ करायला. जाड पातं या कामांत उलट आडवं येतं. लाकडात शिरण्याऐवजी ते पाचरीसारखं ढकलतं. कॅनडाचे मॉर्स कोहान्स्की रानात राहायची विद्या आयुष्यभर शिकवत. त्यांनीही 1980च्या दशकात आपल्या पुस्तकात हीच स्वस्त सुरी उचलून धरली.

दुसरा आक्षेप असा, की आज मूठ बहुधा प्लास्टिकची आणि काम यंत्राचं. मग ही परंपरा कसली? पण यंत्र बाहेरून येऊन लादलेलं नाही, कारखाने त्याच धातुकामाच्या गावातून उगवले आणि आजही तिथेच आहेत. प्लास्टिकची मूठ ओल्या हातातून निसटत नाही आणि पावसाने फुगत नाही, हे लाकूडतोड्यालाही पटलं असतं. घेणाऱ्याने खरा विचार करायचा तो पोलादाचा. कार्बन पोलाद लवकर धार घेतं, पण सह्याद्रीच्या पावसात पुसून तेल न लावता म्यानात घातलं तर त्यावर लगेच गंजाचे डाग पडतात. एवढी निगा जमणार नसेल तर त्याच घडणीची स्टेनलेस सुरी घ्यावी. फरक किमतीत फारसा नाही, देखभालीत आहे.