सव्वीस दिवसांचें काम

दुसऱ्याचे शब्द उतरून घेण्याचा धंदा फार जुना आहे. परंतु एकाच दरबारांत आयुष्य काढणारा चिटणीस निराळा आणि आज या घरचें, तर उद्यां त्या घरचें काम पत्करून आपल्या कसबावर पोट भरणारा लेखनिक निराळा. पहिल्याला पदाचा आधार असतो. दुसऱ्याला केवळ काम देणाऱ्याच्या समाधानाचा. आज घरबसल्या, संगणकाच्या पडद्यावरून, प्रत्यक्ष न पाहिलेल्या यजमानांचीं कामें करणारीं माणसें पुष्कळ आहेत. यजमानाचें समाधान कसें राखावें हा प्रश्न त्यांना नवा वाटत असेल. पण तो नवा नाहीं. १८६६ सालीं सेंट पीटर्सबर्ग शहरांत एका वीस वर्षांच्या मुलीनें तो उत्तम रीतीनें सोडविला होता.

तिचें नांव अ‍ॅना स्नित्किना. त्याच वर्षीं तिचे वडील वारले होते. स्वतःच्या पायांवर उभें राहावें या हेतूनें ती ओल्खिन नांवाच्या शिक्षकाच्या वर्गांत लघुलेखन शिकत होती. ओल्खिननें एके दिवशीं तिच्या हातीं पत्त्याची चिठ्ठी ठेवली. काम एका कादंबरीचें होतें, मोबदला ५० रूबल होता आणि यजमान होता प्रसिद्ध कादंबरीकार फ्योदर दोस्तोएव्हस्की.

हा यजमान मोठ्या पेचांत सांपडलेला होता. १८६४ सालीं त्याची पत्नी वारली, पाठोपाठ भाऊ वारला आणि भावाच्या कर्जाचें ओझें त्याच्या माथीं आलें. सावकारांच्या तगाद्यानें गांजून १८६५ सालीं त्यानें स्तेलोव्हस्की नामक प्रकाशकाकडून ३,००० रूबल घेतले व एका करारनाम्यावर सही केली. १८६६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत नवी कादंबरी हातीं न आल्यास पुढील ९ वर्षें त्याचें सर्व लेखन एक पैही न देतां छापण्याचा हक्क प्रकाशकाला मिळावा, असें त्यांत कलम होतें. ‘गुन्हा आणि शिक्षा’ ही कादंबरी मासिकांतून चालू असल्यामुळें ऑक्टोबर उजाडला तरी नव्या कादंबरीची एक ओळही झाली नव्हती. आपण सर्वांनीं मिळून एकेक भाग लिहून देऊं, असें मित्रांनीं सुचविलें. दुसऱ्याच्या लेखनावर आपलें नांव घालण्यास त्यानें साफ नकार दिला. तेव्हां लघुलेखकाची युक्ति निघाली.

४ ऑक्टोबर रोजीं अ‍ॅना त्याच्या घरीं गेली. ठरल्या वेळेच्या आधींही नाहीं व नंतरही नाहीं, असें पोहोंचावें म्हणून ती वाटेंत मुद्दाम सावकाश चालली. यजमान अस्वस्थ व चिडखोर होता. तिचें नांव विचारी आणि लगेच विसरे. परीक्षेसाठीं एका मासिकांतील उतारा त्यानें भरभर वाचला. तेव्हां, बोलण्याच्या गतीनें सांगावें, अशी विनंती तिनें शांतपणें केली. उतरलेल्या मजकुरांत एक पूर्णविराम राहिला, त्यावरूनही बोलणें ऐकावें लागलें. ती रागावली नाहीं, खचलीही नाहीं. सायंकाळीं पुन्हां बोलावणें होतें, ती गेली.

पुढें क्रम ठरला. दुपारीं बारा ते चार तो सांगे व ती टिपून घेई. रात्रीं घरीं ती मजकूर स्वच्छ अक्षरांत उतरी आणि दुसऱ्या दिवशीं तो दुरुस्तीसाठीं त्याच्यासमोर ठेवी. दुसऱ्याच दिवशीं तिला अर्धा तास उशीर झाला. कामाला कंटाळून ही येणारच नाहीं, सांगितलेला मजकूरही गेला, या भीतीनें तो कासावीस झाला होता. तिनें क्षमा मागून सांगितलें कीं, काम सोडण्याची वेळ आलीच तर आगाऊ कळवीन आणि घेतलेला मजकूर परत पोहोंचवीन. कर्जानें व करारानें पोळलेल्या त्या माणसाला एवढा शब्द पुरेसा झाला. मग तो रोज विचारूं लागला कीं, किती पानें झालीं, किती राहिलीं. पानांची चळत वाढत गेली, तसा त्याचा धीरही वाढत गेला.

तिनें आणखी एक गोष्ट केली. प्रकाशक मुद्दाम हस्तलिखित न स्वीकारील, अशी शंका दोघांनाही आली. तिनें आपल्या आईकरवीं एका वकिलाचा सल्ला घेतला: हस्तलिखित नोटरीकडे किंवा पोलीस अधिकाऱ्याकडे देऊन रीतसर पावती घ्यावी. २९ ऑक्टोबर रोजीं कादंबरी सांगून संपली. १ नोव्हेंबर रोजीं लेखक प्रकाशकाकडे गेला, तों तो परगांवीं निघून गेलेला! कारकुनानें हस्तलिखित घेण्याचें नाकारलें. नोटरीचें कार्यालय बंद झालें होतें. अखेर रात्रीं दहाच्या सुमारास पोलीस अधिकाऱ्याकडून पावती मिळाली. मुदत संपण्यास दोन तास उरले होते. हीच ‘जुगारी’ ही कादंबरी.

१८६७ च्या फेब्रुवारींत त्या दोघांचा विवाह झाला, हें बहुतेकांना ठाऊक असतें. आणि त्यामुळेंच आधींचे सव्वीस दिवस प्रेमकथेच्या रंगांत बुडून जातात. वस्तुतः ते दिवस चोख धंद्याचे होते. तिनें यजमानाची स्तुति केली नाहीं, त्याच्या लहरीपुढें मान तुकविली नाहीं. वेळ पाळली, न जमणारी गति न जमणारी म्हणून सांगितली, चुकीची क्षमा मागितली, आणि नेमून दिलेल्या कामापलीकडचा धोका ओळखून त्याची तजवीज केली. पुढें १८७३ पासून पतीचे ग्रंथ घरींच प्रकाशित करून त्याच्या सावकारांशीं तिनेंच व्यवहार केला, तोही याच गुणांवर. ‘कारामाझोव्ह बंधु’ ही अखेरची कादंबरी लेखकानें तिलाच अर्पण केली आहे.

काम देणारा खूष झाला कीं नाहीं, हें त्याच्या मुद्रेवरून ठरत नाहीं. रात्रीं त्याला निश्चिंत झोंप लागली कीं नाहीं, यावरून तें ठरतें.