कैलासावरचा सारीपाट, मांडवीवरचे टेबल

दिवाळीची सुट्टी संपून महाविद्यालय उघडले, त्या पहिल्या दिवशी आमच्या शिक्षककक्षात एका सहकारी दांपत्याच्या गोवासहलीची चर्चा रंगली होती. दोघेही पन्नाशीकडे झुकलेले, सुस्वभावी, हिशेबी. लग्नाला पंचवीस वर्षे झाली म्हणून दोन रात्री पणजीला राहिले आणि मांडवीच्या पात्रात नांगरून ठेवलेल्या कॅसिनोच्या जहाजावर जाऊन आले. रूलेट खेळले, अंदर-बाहर खेळले. "मग मॅडम, जिंकलं कोण, तुम्ही की सर?" असे कुणीतरी विचारले. त्यावर मॅडम हसून म्हणाल्या, "अहो, आम्ही दोघं एकाच बाजूला होतो. हरलो तेही एकत्रच."

हे उत्तर माझ्या मनात घर करून राहिले. त्याच आठवड्यात तृतीय वर्षाच्या वर्गात श्रीधरांच्या 'शिवलीलामृता'वर बोलायचे होते, आणि तिथेही एक जोडपे पटाभोवती बसलेले होते. फरक इतकाच, की ते एकाच बाजूला नव्हते.

आपल्या परंपरेत खेळणाऱ्या जोडप्याचे सर्वांत जुने, सर्वांत ठसठशीत चित्र पाहायचे असेल तर ग्रंथालयाआधी वेरूळला जावे. तेथील 14 क्रमांकाच्या 'रावण की खाई'त, 21 क्रमांकाच्या रामेश्वर लेण्यात आणि 29 क्रमांकाच्या 'धुमार लेण्या'त शिवपार्वती द्यूत खेळताना कोरलेले आहेत. रामेश्वर लेण्याचा काळ साधारण सहावे शतक. पती आणि पत्नी समोरासमोर बसली आहेत, भोवती परिवार आहे, खाली नंदी आणि गणांचा दंगा चालला आहे. तांडव करणारा, अंधकासुराला शूलावर घेणारा शिव ज्या लेणीसमूहांत आहे, त्यांतच हा घरगुती शिवही शिल्पकाराने हौसेने कोरला. माझ्या मते या शिल्पांतले खरे नाट्य पार्वतीच्या आसनात आहे. ती प्रेक्षक म्हणून बसलेली नाही. ती प्रतिस्पर्धी आहे.

ही गोष्ट विशेष वाटते, कारण आपल्या प्राचीन वाङ्मयात जुगाऱ्याची पत्नी बहुधा पटाबाहेर असते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात (10.34) जुगारी स्वतःच कबुली देतो, की माझ्याशी आणि माझ्या मित्रांशी प्रेमाने वागणारी बायको मी फाशांपायी दूर लोटली. नळ पुष्कराशी खेळतो तेव्हा दमयंती विनवते, मुलांना माहेरी पाठवते, मग नवऱ्याच्या मागोमाग एकवस्त्रा अरण्यात जाते. फासे मात्र तिच्या हाती येत नाहीत. आणि द्रौपदी तर सभागृहातही नव्हती. ती पणाला लागली हे तिला दूताकडून कळले. सभापर्वातला तिचा प्रश्न आपण सर्वांनी शिकवलेला आहे: धर्मराजाने आधी स्वतःला हरले की आधी मला? जो स्वतःचाच उरला नाही, त्याला दुसऱ्या कुणाला पणाला लावण्याचा अधिकार कोठून आला? त्या सभेत याला नेमके उत्तर कुणी दिले नाही. भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगून वेळ मारून नेली. (हा प्रश्न लक्षात ठेवावा. तो पुढे याच जिल्ह्यात, अगदी वेगळ्या वेषात भेटणार आहे.)

मराठी गद्याचा आरंभ ज्या ग्रंथापासून आपण शिकवतो, त्या म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'तही एक जोडपे आणि एक हरलेला डाव आहे. पण विद्यार्थी परीक्षेत तो प्रसंग ओलांडून पुढे जातात. भरवसचा, म्हणजे आजच्या भरुचचा प्रधानपुत्र हरपाळदेव द्यूताचा नादी. एकदा फार हरला. देणे चुकवायला त्याने पत्नी कमळाइसेकडे तिचे अलंकार मागितले. तिने नकार दिला. पैसे पुढे वडिलांनी भरले. परंतु त्या नकाराने हरपाळदेवाचे मन संसारातून उठले. रामयात्रेचे निमित्त करून तो घराबाहेर पडला, वाटेत रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंची भेट झाली आणि त्याचे चक्रधर झाले. चरित्रकाराची दृष्टी अर्थातच स्वामींच्या विरक्तीकडे आहे. मी मात्र दर वर्षी कमळाइसेपाशी थांबतो. मराठीतल्या पहिल्या मोठ्या गद्यग्रंथात एका बाईने पटावर स्वतःचे काही मांडू दिले नाही, याची नोंद आपल्या वाङ्मयेतिहासांनी फारशी घेतलेली नाही. तिच्याकडे बहुधा एका महापुरुषाच्या वैराग्याचे निमित्तकारण म्हणूनच पाहिले जाते. दागिने तिचे होते, एवढी साधी गोष्ट आपण विसरतो.

आता पुन्हा कैलासाकडे. स्कंदपुराणाच्या केदारखंडातली ही कथा श्रीधरांनी 'शिवलीलामृता'त (शके 1640, म्हणजे इ. स. 1718) शेवटच्या, चौदाव्या अध्यायात घेतली. नारद येतात, खेळाला चिथावणी देतात. पट मांडला जातो. पार्वती जिंकत जाते आणि शिव एकेक वस्तू हरत हरत अखेर दिगंबर होतो. रागावून अरण्यात निघून जातो. कैलास ओस पडतो. मग पार्वती भिल्लिणीचा वेष घेऊन त्याला शोधायला वनात जाते; शिव तिच्यावर मोहित होतो; समेट होतो. गावोगावच्या पारायणांतून ही भिल्लीण महाराष्ट्राच्या घरात पोचली आणि लोकगीतांतही रुळली.

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला शिवपार्वतींचा हा डाव झाला आणि पार्वती जिंकली, असे आपले निबंधग्रंथ सांगतात. म्हणून त्या दिवशी सकाळी द्यूत खेळावे. जो जिंकेल त्याचे वर्ष चांगले जाईल. या तिथीला 'द्यूतप्रतिपदा' असेही नाव आहे. आपण तिला पाडवा म्हणतो, पत्नी पतीला ओवाळते, पती तबकात ओवाळणी घालतो. एकाच तिथीवर दोन जोडपी बसलेली आहेत: एक ओवाळणारे आणि एक खेळणारे. दुसरे आपल्या स्मरणातून बरेचसे पुसले गेले. शब्दांत मात्र ते टिकून आहे. संसाराला आपण सारीपाट म्हणतो, डाव म्हणतो. तो मांडतो आणि मोडतो. सारीपाटाच्या खेळात एका घरात जुळून बसलेल्या दोन सोंगट्यांना 'जुग' म्हणतात, आणि जोडीने असलेल्या सोंगट्या मारता येत नाहीत. पटावरच्या चौकटीला 'घर' म्हणतात, हेही ध्यानात घ्यावे.

कारण 'कॅसिनो' या इटालियन शब्दाचा मूळ अर्थही छोटे घर असाच आहे. व्हेनिसच्या शासनाने 1638 मध्ये 'रिदोत्तो' हे सार्वजनिक द्यूतगृह उघडले आणि 1774 मध्ये ते बंद केले. तोवर युरोपीय जुगाराला नवे वळण लागले होते. खेळाडू खेळाडूशी खेळण्याऐवजी सारे मिळून 'घरा'शी खेळू लागले. आमच्या मॅडमच्या वाक्याचा अर्थ येथे उलगडतो. एक शून्य असलेल्या रूलेटच्या चाकावर 37 खाने असतात: 18 लाल, 18 काळे, 1 शून्य. समजा नवऱ्याने लालवर शंभर रुपये लावले आणि बायकोने काळ्यावर शंभर. 37 पैकी 36 वेळा एकाचे शंभर दुसऱ्याकडे जातील, म्हणजे घरातल्या घरातच राहतील, अगदी कैलासासारखे. परंतु गोळी शून्यात पडली की दोघांचेही पैसे ते दुसरे घर नेते. एकमेकांविरुद्ध खेळा नाहीतर एका बाजूने खेळा, लावलेल्या रकमेवर सरासरी 2.7 टक्के ठरलेलेच. शिव जे हरला ते पार्वतीकडे होते. जहाजावर जे हरते ते कुणाकडे असते, हे टेबलावर बसलेल्याला दिसत नाही.

येथे एका सालाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. 1976. त्या वर्षी गोवा, दमण व दीव या संघप्रदेशाचा सार्वजनिक जुगारविषयक कायदा झाला. मुळात तो प्रतिबंधाचा. पण 1992 मध्ये पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांना आणि 1996 मध्ये जहाजांवरील टेबलांच्या खेळांना त्यात वाट करून देण्यात आली. मांडवीवरची रोषणाई ही त्या दुरुस्त्यांची संतती. (2020 पासून खुद्द गोमंतकीयांना मात्र तेथे खेळायला मनाई करण्यात आली. यजमानाने घरच्यांना न वाढता पाहुण्यांनाच वाढावे, तसा हा प्रकार!) त्याच 1976 साली महाराष्ट्र विधिमंडळाने कॅसिनो नियंत्रण व कर अधिनियम संमत केला. तो एक दिवसही अमलात आला नाही आणि 2023 मध्ये निरसित झाला. सत्तेचाळीस वर्षे एक कायदा नुसता कागदावर पडून होता. 1887 चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा तेवढा चालत राहिला.

आणि त्याच 1976 साली संसदेने वेठबिगारी पद्धती निर्मूलन अधिनियम संमत केला.

जव्हार-मोखाड्यात बसून लिहिणाऱ्याला हे तिसरे कलम पहिल्या दोहोंपासून वेगळे ठेवता येत नाही. जुन्या ठाणे जिल्ह्याच्या या डोंगरपट्ट्यात 'लग्नगडी' नावाची प्रथा होती. वारली तरुणाला लग्नासाठी पैसे हवेत: देज, जेवण, ताडी. ते जमीनदार सावकार देई. मोबदल्यात तो तरुण कर्ज फिटेपर्यंत सावकाराचा गडी होई, आणि ज्या मुलीशी लग्न झाले तीही नवऱ्यामागून त्याच वाड्यावर राबू लागे. व्याज वाढत जाई, कित्येकांचे आयुष्य सरे, कर्ज सरत नसे. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (1970) या पुस्तकात, ज्याला 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, या जगाचे चित्र आहे. 23 मे 1945 रोजी झरी गावी वारली जमले आणि वेठ नाकारण्याचा निर्धार झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला आणि माणसे मेली.

द्रौपदीचा प्रश्न तो हाच. लग्नगड्याने आधी स्वतःला लावले, आणि मग जिच्यासाठी लावले तीही आपोआप हरली गेली. तिला दूत पाठवून कळवण्याचीही गरज कुणाला भासली नाही. कुरुसभेत निदान विकर्ण उठून बोलला होता. येथे फासे नव्हते, पट नव्हता, खेळही नव्हता. त्यामुळे जुगाराच्या इतिहासात या जोडप्यांना जागा नाही. ती द्यावी असे मला वाटते. पण म्हणजे पणाला लावणे, आणि पणाला लागलेल्या माणसांशिवाय द्यूताचा इतिहास लिहिणे म्हणजे धृतराष्ट्राने सभा पाहण्यासारखे होईल. कुणी म्हणेल, जुगारी स्वेच्छेने खेळतो, लग्नगड्याला पर्याय नव्हता, मग तुलना कशी? आक्षेप रास्त आहे. पण युधिष्ठिरालाही बोलावणे नाकारता येत नव्हते, असेच महाभारत सांगते.

वर्गात भिल्लिणीची कथा सांगून झाली. मी तिचे कथनतंत्र, मूळ पुराणापासूनचे अंतर, श्रीधरांची ओवी असे सगळे नेहमीप्रमाणे सांगितले. मोखाड्याकडच्या एका मुलीने विचारले, "सर, ती भिल्लीणच का झाली?"

मी म्हणालो, वन आहे, वनातली स्त्री, म्हणून.

"तसं नाही सर. राणी म्हणून गेली असती तर तो परत आला नसता का?"

वर्गात दोन-तीन मुले हसली, ती बसली नाही. मला उत्तर सुचले नाही. नंतर घरी तो अध्याय पुन्हा वाचला. सर्वस्व हरलेल्या नवऱ्यासमोर जिंकलेली बायको सर्व जिंकलेले अंगावर घेऊन जाऊ शकत नव्हती, असे काहीसे उत्तर मी मनाशी जुळवले. परंतु ते तिच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते, हेही मला कळत होते. ती पार्वतीबद्दल विचारत नव्हती. वेष संपल्यावर उतरवून ठेवला जातो, त्या भिल्लिणीबद्दल विचारत होती. शतकानुशतके आपण ही कथा शंकराचे मन वळवण्याची कथा म्हणून ऐकली. ज्यांच्या आज्या लग्नगड्यांच्या बायका होत्या, त्या मुली आता पदवीच्या वर्गात बसून ती ऐकत आहेत आणि त्यांना त्यात आपलाच पदर दुसऱ्याच्या खांद्यावर दिसतो आहे. आमच्या अध्यापनात याची तयारी नाही. माझ्या तरी नव्हती.

दुसऱ्या दिवशी उत्तर द्यावे म्हणून वर्गात गेलो तर ती आली नव्हती. पाडवा उलटला की या भागातून भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांना कुटुंबे निघतात. नवरा-बायको जोडीने उचल घेतात, मुक्कामाचे सामान टेम्पोत चढते, गावात म्हातारी माणसे आणि शाळेतली मुले उरतात. तिचे आईवडील त्या सकाळी गेले होते आणि धाकट्या भावाला आश्रमशाळेत पोचवायला ती गेली होती, असे तिच्या मैत्रिणीने सांगितले. उचल किती, वीट किती पाडायची, आजारपणाचे दिवस कसे धरायचे, हा सारा हिशेब पावसाच्या तोंडावर होतो. तोवर कुणाकडे किती निघते हे जोडीला ठाऊक नसते.

चौथ्या दिवशी ती आली. मी चौदावा अध्याय पुन्हा काढला आणि तिलाच मोठ्याने वाचायला सांगितला.