'रिव्हॉल्व्हर'च्या वेष्टनावरील एक नाव

५ ऑगस्ट १९६६ रोजी इंग्लंडमध्ये बीटल्स या चौघांच्या वाद्यवृंदाची 'रिव्हॉल्व्हर' ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. १४ गाणी, अवधी सुमारे ३५ मिनिटांचा. एका गाण्यात गिटारचे सूर उलटे वाजतात. दुसऱ्यात ४ व्हायोलिन, २ व्हिओला व २ चेलो यांखेरीज वाद्यच नाही. अखेरच्या गाण्यात ध्वनिफितींची वेटोळी फिरवून काढलेले चीत्कार आहेत. ख्याल-ठुमरीवर पोसलेल्या कानांस हा निव्वळ गलबला वाटावा. प्रस्तुत लेखकासही प्रथम तसाच वाटला.

तथापि पुनःपुन्हा ऐकता एक गोष्ट ध्यानात आली. 'टुमॉरो नेव्हर नोज' हे अखेरचे गाणे तंबोऱ्याच्या नादाने उघडते आणि जवळजवळ एकाच स्वराच्या आधारावर उभे राहते. चीत्कार वर कितीही घिरट्या घालोत, खालचा षड्ज ढळत नाही. तो एकदा सापडला की गलबला उरत नाही.

मग कान वळतो तो पहिल्या बाजूच्या चौथ्या गाण्याकडे, जॉर्ज हॅरिसनच्या 'लव्ह यू टू'कडे. १९६५ च्या 'नॉर्वेजियन वुड'मध्ये सतार केवळ रंगापुरती होती. येथे बांधणीच हिंदुस्थानी वळणाची आहे. आरंभी लयीवाचून आलापासारखे सूर, मागून तबला, शेवटी चढती लय. रविशंकरांची व हॅरिसनची भेट अद्याप व्हावयाची होती. त्यांच्याकडे सतार शिकण्यासाठी तो मुंबईस आला, तो सप्टेंबर १९६६ मध्ये.

एप्रिल १९६६ मध्ये झालेल्या या ध्वनिमुद्रणात तबला वाजविला अनिल भागवत यांनी. लंडनच्या एशियन म्युझिक सर्कल या संस्थेकडून त्यांना बोलावणे गेले होते. १६ मात्रांच्या अंगाने वाजवावे, बाकी उपज वादकाची, असे ठरले. आणि मुद्रिकेच्या वेष्टनावर त्यांचे नाव छापले गेले. मराठी कानास घरचे वाटणारे ते आडनाव तेथे वाचून आनंद होतो, पण त्याचे खरे मोल कळते ते पुढील वर्षाच्या मुद्रिकेवरून. १९६७ च्या 'सार्जंट पेपर'मध्ये दिलरुबा, तंबोरा, तबला वाजविणारे भारतीय वादक होते. वेष्टनावर त्यांपैकी कोणाचेही नाव नव्हते. त्यांतील चौघांची ओळख लिव्हरपूल विद्यापीठातील संशोधनातून २०१७ मध्ये पटली. मध्ये ५० वर्षे गेली.

आपल्या घरांतील जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांची कथा वेगळी नाही. गायकाचे नाव ठळक असते. तबला-सारंगीच्या साथीदाराचे बहुधा नसते. माळ्यावरची पेटी एकदा उघडावी, तबकडी दोनतीनदा ऐकावी, साथ कोणाची हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारावे आणि आठवलेले नाव पाकिटावर लिहून ठेवावे. सांगणारे आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.