शोषणवर्धक (पेप्टाइड औषधांसाठी)
तोंडावाटे घेतलेली पेप्टाइड औषधे रक्तात जवळजवळ पोचतच नाहीत: पाचक विकरे त्यांचे तुकडे करतात आणि उरलेले मोठे, जलस्नेही रेणू आतड्याच्या अस्तराशी अडतात. शोषणवर्धक हे अस्तर काही काळ पारगम्य करतात. सोडियम कॅप्रेट हे मेदाम्लाचे लवण पेशींमधले घट्ट सांधे सैल करते. ऑक्ट्रिओटाइडच्या अमेरिकेत 2020 मध्ये मान्य झालेल्या कॅप्सूलमध्ये सोडियम कॅप्रिलेट असते. सेमाग्लुटाइडच्या गोळीतील (2019) 300 मिलिग्रॅम साल्कॅप्रोझेट सोडियम मात्र आतड्यात नव्हे, जठरातच काम करते. गोळीभोवतीची आम्लता घटवून ते पेप्सिनला रोखते. एवढे करूनही जेमतेम 1 टक्का औषध रक्तात उतरते. बाकीचे वायाच जाते. ही गोळी उपाशीपोटी, घोटभर पाण्याबरोबर घ्यावी आणि पुढे अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये.