गेमिंग लॅपटॉप उघडताना : काय बदलता येते, काय नाही

आष्टा - वाळवा तालुक्यातील ऊसपट्ट्यात वसलेल्या आष्टा शहरात १९९९ मध्ये अण्णासाहेब डांगे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. अशा महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने गेमिंग लॅपटॉप हे केवळ खेळाचे साधन नसते. त्रिमिती आराखडे, चित्रफितींचे संपादन, मशीन लर्निंगचे प्रकल्प अशी जड कामेही त्याच यंत्रावर होतात. पदवीची चार वर्षे पुरावी म्हणून घरातून एकदाच होणारी ही मोठी खरेदी असते. तिसऱ्या वर्षी यंत्र मंदावले, की नवे घ्यावे की आहे तेच उघडून सुधारावे, हा प्रश्न उभा राहतो. दुसरा मार्ग पुष्कळदा स्वस्त पडतो. मात्र कोणत्या भागाला हात लावायचा हे झाकण उघडण्यापूर्वीच ठरलेले असावे.

जे बदलता येत नाही ते आधी पाहिलेले बरे. बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप मदरबोर्डवर झाळलेल्या असतात. डेस्कटॉपप्रमाणे जुने ग्राफिक्स कार्ड काढून नवे बसविण्याची सोय येथे नाही. त्यामुळे ग्राफिक्सबाबतची काटकसर खरेदीच्या दिवशी केली, तर ती पुढे भरून काढता येत नाही. मेमरी आणि साठवण यांचे तसे नाही.

कमी किमतीच्या अनेक मॉडेलमध्ये ८ जीबीची एकच मेमरी पट्टी असते आणि शेजारची खाच रिकामी असते. तेथे दुसरी पट्टी बसविली, की क्षमता दुप्पट होतेच. शिवाय प्रोसेसर दोन्ही मार्गांनी एकाच वेळी मेमरीशी देवाणघेवाण करू लागतो. खेळ मधेच अडखळण्याचा त्रास पुष्कळदा एवढ्यानेच कमी होतो. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या पट्ट्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. पहिलीला २६० पिना असतात, तर दुसरीला २६२. काही सडपातळ मॉडेलमध्ये मेमरीही झाळलेली असते. तेव्हा आपल्या मॉडेलची माहितीपुस्तिका पाहिल्याविना पट्टी विकत घेऊ नये. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरची मागणी वाढल्याने मेमरीचे भाव जगभर भडकले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मायक्रॉन कंपनीने ‘क्रुशियल’ या नावाने चालणारा ग्राहकोपयोगी मेमरीचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. म्हणूनच नेहमीचे काम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये मेमरी खरोखर संपते आहे का, हे पाहून मगच खर्च करावा.

साठवणीतील सुधारणा तर पहिल्या दिवसापासून जाणवते. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविल्यास यंत्र सुरू होण्याचा वेळ काही सेकंदांवर येतो. साटा प्रकारच्या एसएसडीचा वेग सेकंदाला सुमारे ५५० एमबीपर्यंत जातो, तर चौथ्या पिढीच्या एनव्हीएमईचा ७,००० एमबीपर्यंत. अर्थात, लॅपटॉपची खाच जुन्या पिढीची असेल, तर महागड्या एसएसडीचा तेवढा उपयोग होत नाही. डिस्क बदलण्यापूर्वी माहितीची प्रत काढावी. विंडोज ११ मध्ये डिस्क कूटबद्ध असू शकते. तिची रिकव्हरी की लिहून ठेवावी. हा कंटाळवाणा भाग वगळणाऱ्यांचीच पुढे फजिती होते.

प्रत्यक्ष उघडताना लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढावा. तळाचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर तळाची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवावा. लांब स्क्रू भलत्या ठिकाणी पिळला तर बोर्डला इजा पोहोचते. काही स्क्रू रबरी पायांखाली दडलेले असतात. झाकण सुरीने उचकटू नये. प्लास्टिकची पातळ पट्टी किंवा जुने एटीएम कार्ड पुरते. झाकण निघताच प्रथम बॅटरीची जोडणी सोडवावी, अंगातील स्थिर वीज उतरविण्यासाठी एखाद्या उघड्या धातूला स्पर्श करावा आणि मगच पुढे जावे. बॅटरी फुगलेली दिसल्यास काम तेथेच थांबवावे. तिला टोचणे वा दाबणे म्हणजे आगीला निमंत्रण आहे. मेमरी पट्टी तिरकी सरकवून खाली दाबली, की दोन्ही बाजूंच्या कड्या टक् असा आवाज करून बसतात. डीडीआर-५ बसविल्यावर पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. घाबरून बटण दाबत बसू नये.

एवढे करूनही यंत्र मंद राहिले, तर संशय उष्णतेवर घ्यावा. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोहोचला, की स्वतःच वेग घटवितो. गळीत हंगामातील ऊसवाहतुकीची धूळ आणि त्यामागोमाग येणारा उन्हाळा या दोहोंत पंख्यांच्या जाळ्या लवकर तुंबतात. कित्येकदा एक पैचाही नवा भाग न घालता केवळ साफसफाईने गेलेला वेग परत मिळतो, म्हणून खरे तर सुरुवात येथूनच करावी. हवेचा झोत मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. थर्मल पेस्ट बदलणे अनुभवी कारागिरावर सोपवावे. काही मॉडेलमध्ये पेस्टऐवजी द्रवधातू असतो, तो वीज वाहून नेतो आणि सांडल्यास बोर्ड निकामी करू शकतो.

वॉरंटीचा धाक अनेकांना झाकणापाशीच अडवतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये दुरुस्ती व वॉरंटीबाबतच्या अटींवरून कंपन्यांना इशारापत्रे धाडली. ‘सील तुटल्यास वॉरंटी रद्द’ अशा चिकटपट्ट्यांचा त्यात समावेश होता. भारतात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संकेतस्थळ सुरू केले. तरीही मेमरी किंवा एसएसडी ग्राहकाने स्वतः बसविल्यास वॉरंटी टिकते की नाही, हे कंपनीगणिक बदलते. लहान शहरातील ग्राहकाला अधिकृत सेवा केंद्रासाठी बहुधा मोठे शहर गाठावे लागते. तेव्हा वॉरंटी शिल्लक असल्यास कंपनीकडून ई-मेलद्वारे लेखी उत्तर मागवून घ्यावे आणि ते खरेदीच्या पावतीसोबत जपून ठेवावे.