रुमालापासून विकीपर्यंत

टिपण करणे सोपे असते. केलेले टिपण ऐन वेळी सापडणे मात्र कठीण. आपल्या इतिहाससंशोधनाची निम्मी कथा या अडचणीचीच आहे.

पेशव्यांच्या दफ्तरातील कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले. कोणत्या रुमालात काय, हे जाणणारा कारकून गेला की कागद असूनही नसल्यासारखा होई. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड छापविले, तेव्हा कोठे ते भांडार सामान्य अभ्यासकास खुले झाले. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यास वारले. त्यांची टिपणे जपण्यासाठी तेथे संशोधन मंडळ उभे राहिले, म्हणूनच त्यांचा धातुकोश १९३७ साली प्रकाश पाहू शकला.

आता भिलाईतील रुआबांधा या वस्तीत राहणारा एखादा मराठी अभ्यासक डोळ्यांपुढे आणा. हा छत्तीसगडचा मुलूख १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात मोडत असे. बिंबाजी भोसल्यांनी १७८७ पर्यंत रतनपुराहून कारभार पाहिला. त्यांच्याविषयीचे एक टिपण व्यक्ती, स्थळ आणि महसूल अशा तिन्ही रुमालांत हवे. कागद मात्र एकाच रुमालात मावतो. १९९५ साली वॉर्ड कनिंगहॅम यांनी सुरू केलेल्या विकीने ही गाठ सोडविली. तेथे टिपण एकच, पण दुव्यांच्या योगे त्याच्याकडे हव्या तितक्या वाटा जातात.

परंतु विकीही अनेक. विकिपीडियाचा डोलारा पेलणारी मीडियाविकी समर्थ खरी. पण तिला विदागार लागते आणि ते सांभाळणारा जाणकारही. २००४ साली आलेली डोकुविकी प्रत्येक पान साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवते. चारपाच जणांच्या मंडळास ती सोयीची. त्याच वर्षीची टिडलीविकी सारा संग्रह एकाच फाइलीत बांधते. एकट्या अभ्यासकाचा हा जणू आधुनिक रुमालच.

निवड करताना मोडीची आठवण ठेवावी. कागद टिकले, पण ती लिपी वाचणारे विरळ झाले, आणि कितीएक दफ्तरे मुकी राहिली. साध्या मजकुरात ठेवलेले पान मूळ साधन नाहीसे झाले तरी वाचता येते. म्हणून साधनाच्या गुणांची यादी पाहण्याआधी एवढेच विचारावे: हे साधन उद्या बंद पडले, तर माझे टिपण माझ्या नातवास वाचता येईल काय? ज्याचे उत्तर ‘होय’ असेल, ते साधन घ्यावे.