गळ्यातलं रण

आमचे आजोबा सांगलीचे. त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ सांगलीतच उभं केलं, त्यामुळे नाटकाचा विषय निघाला की आण्णांचा आवाज आपोआप चढायचा. त्या जुन्या खेळांच्या गोष्टी त्यांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकल्या होत्या. राळेचा भपका उडायचा, राक्षस किंचाळत यायचा, देव-दानव तलवारी परजत रंगभूमी दणाणून सोडायचे. लोक त्यांना ‘अललडुर्र’ नाटकं म्हणत. पोरंटोरं भिऊन आईच्या पदरात तोंड लपवायची.

“मग तुमच्या वेळच्या नाटकात लढाई कुठं असायची?” मी विचारायचो.

“आत, पडद्यामागं,” आण्णा म्हणायचे. “बाहेर यायचं ते गाणं.”

त्यांच्या या उत्तरात मराठी संगीत रंगभूमीचा एक मोठा पल्ला आहे, हे मला फार उशिरा उमगलं. खाडिलकरांचं ‘मानापमान’ १२ मार्च १९११ला किर्लोस्कर मंडळीनं रंगभूमीवर आणलं. त्याचा नायक धैर्यधर हा सेनापती. शूर, पण गरीब. भामिनी त्याच्या गरिबीपायी त्याचा अपमान करते आणि पुढे वनमाला बनून त्याच्या छावणीत जाते, तेव्हा त्याच्या पराक्रमावर भाळते. धन मोठं की शौर्य, हा या नाटकातला वाद. लिहिणारा टिळकांच्या ‘केसरी’तला माणूस, त्याचं ‘कीचकवध’ आदल्याच वर्षी सरकारनं बंद पाडलेलं. १८७६च्या नाट्यप्रयोग कायद्यानं संहिता मागवण्याचा आणि खेळ थांबवण्याचा अधिकार सरकारच्या हाती होताच. अशा दिवसांत एक सेनापती रंगभूमीवर येऊन शौर्याला वंदन करतो, तेव्हा प्रेक्षकांना काय ऐकू येत असेल!

या सेनापतीच्या तोंडी चाली कुठल्या? ‘मानापमान’चं संगीत गोविंदराव टेंब्यांचं. त्यांनी पूरब बाजाच्या ठुमरी-दादऱ्याच्या वळणाच्या चाली उचलल्या. गौहरजानच्या गाण्याचा त्यांच्यावर दाट ठसा होता. म्हणजे चाल मूळची लाडिक, विनवणीची, आणि गाणारा मात्र कमरेला तलवार लावलेला. कागदावर हे जमू नये असंच वाटतं. जमलं, कारण वीररस चालीत नव्हता, तो फेकीत होता.

इथे आण्णा मास्टर दीनानाथांवर यायचे आणि मग थांबायचे नाहीत. दीनानाथ १९००चे, मंगेशीचे. किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून १९१८ साली चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह त्यांनी ‘बळवंत संगीत मंडळी’ काढली. आण्णांनी त्यांचा धैर्यधर सांगलीत पाहिला होता. ते म्हणायचे, “ओरडायचा नाही रे माणूस. आवाज बारीकच होता. पण तान सुटली की भाल्याची फेक! कुठं जाऊन लागणार ते आधी कळायचं नाही, लागल्यावर कळायचं.” आणि हाताचा पंजा एकदम वर न्यायचे. त्या गायकीतले पंजाबी अंगाचे झटके, एका सुरावरून दूरच्या सुरावर घेतलेली झेप, समेवर येण्याआधीचा तो हट्ट, हे सगळं मला आधी त्या पंज्यातून समजलं. ध्वनिमुद्रिका नंतर ऐकल्या.

भरताच्या नाट्यशास्त्रात वीररसाचा स्थायीभाव उत्साह सांगितला आहे. क्रोध हा रौद्राचा स्थायीभाव. वीर, रौद्र आणि अद्भुत यांना षड्ज-ऋषभ हे स्वर दिले आहेत, म्हणजे स्वर तेच असले तरी आतला भाव वेगळा असू शकतो. आण्णांनी नाट्यशास्त्र उघडूनही पाहिलं नव्हतं, पण ओरडणं आणि उसळणं यातला फरक त्यांच्या कानाला पक्का ठाऊक होता. अडाणा किंवा शंकरा गाताना आज जो दणका दिला जातो, तो पुष्कळदा रौद्राकडे झुकतो. वीराचा आवाज मोकळा असतो. त्याला कुणाला भिववायचं नसतं.

बळवंत मंडळीचं ‘रणदुंदुभी’ १९२७चं. नाटककार अमरावतीचे वीर वामनराव जोशी, चाली रामकृष्णबुवा वझे यांच्या. बुवा सावंतवाडीकडचे. ग्वाल्हेरला जाऊन निसार हुसेन खाँसाहेबांकडे त्यांनी विद्या मिळवली होती, आणि दीनानाथ त्यांना गुरू मानत. या नाटकात दीनानाथ तेजस्विनी झाले होते. पारतंत्र्याच्या फासाबद्दलचं ते प्रसिद्ध पद म्हटलं गेलं ते स्त्रीच्या वेषात, नऊवारी नेसून. याविषयी घरात माई आत्याचं मत वेगळं होतं. आत्या आण्णांची धाकटी बहीण. बायकांची बसायची जागा निराळी, त्यामुळे समोरचा अभिनय तिला अर्धाच दिसलेला, पण शब्द न् शब्द कानावर पडलेला. ती म्हणायची, “आण्णाला ताना आठवतात. मला आठवतं ते हे, की पद सुरू झालं आणि माझ्या शेजारची म्हातारी रडायला लागली. तिला कुठं कळत होती तान? तिला शब्द कळले.” आण्णा यावर वाद घालायचे. मी आत्याच्या बाजूचा आहे.

पुढे १९३१ साली बळवंत मंडळीनंच ‘संन्यस्त खड्ग’ मुंबईत केलं. त्याचे लेखक सावरकर तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते, जिल्ह्याबाहेर जायचं नाही, राजकारण करायचं नाही या अटीवर. लिहिता मात्र येत होतं. शाक्यांचा सेनापती विक्रमसिंह बुद्धाकडे येऊन शस्त्र खाली ठेवतो आणि कोसलांचं सैन्य चालून आल्यावर पुन्हा उचलतो, असं ते कथानक. अहिंसेवरचा वाद आजही मिटलेला नाही, आणि नाटककाराचं उत्तर पटायलाच हवं असंही नाही. वझेबुवांनी त्याला दिलेल्या चाली मात्र अजून मैफलीमैफलीत आहेत.

दीनानाथ २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात गेले. उण्यापुऱ्या एकेचाळीस वर्षांचं आयुष्य. रात्र रात्र चालणाऱ्या, वन्समोअरांनी लांबणाऱ्या त्या प्रयोगांतून आपल्याकडे उरलं ते तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांवरचं. तेवढ्यावरून वसंतराव देशपांड्यांसारख्यांनी ती गायकी पुढे नेली, तीही दीनानाथांना लहानपणी प्रत्यक्ष ऐकलं होतं म्हणून. आता त्यांना ऐकलेलं कुणी क्वचितच भेटतं.

नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांना मी जातो, आवडीनं जातो. ही पदं तिथे हमखास होतात आणि हमखास टाळ्या घेतात. मुखडा येतो, तानांची आतषबाजी होते, तिहाई पडते, आणि पुष्कळदा अंतरा येतच नाही. आला तर शब्द चघळून टाकलेले असतात. कोण कुणाला उद्देशून गातंय, मागे कसलं युद्ध पेटलंय, याचा श्रोत्यांना पत्ता नसतो. आत्याच्या शेजारची ती म्हातारी अशा कार्यक्रमाला आली असती, तर तिच्यापर्यंत काय पोचलं असतं?

गाणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे. तान घ्या, हवी तितकी घ्या. पण पद सुरू करण्यापूर्वी नाटकाचं नाव सांगा, प्रसंग दोन वाक्यांत सांगा, पद लिहिणाऱ्याचं आणि चाल बांधणाऱ्याचं नाव घ्या. आणि अंतरा गाळू नका.